वस्तीत पाठवण्याआधी: युथ लीडरच्या प्रशिक्षणाचा अनुभव

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तरुण संघाचा पुढारी कसा निवडला जातो, ते आपल्याला ठाऊक आहे. गिटार वाजवतो, उपासनेत न अडखळता प्रार्थना करतो, पाळकसाहेबांच्या शब्दाबाहेर नाही, झाला युथ लीडर. चर्चच्या आवारात एवढ्यावर निभावतं. पण त्याच मुलावर गोवंडी-मानखुर्दच्या एखाद्या गल्लीतल्या बारा-चौदा पोरांची जबाबदारी टाकली की गिटार बाजूला राहते. कुणाशी किती बोलायचं, काय लिहून ठेवायचं, आपली हद्द कुठे संपते आणि तिथून पुढे प्रकरण कुणाकडे सोपवायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या काही मंडळ्यांतल्या तरुणांसाठी आम्ही हे प्रशिक्षण चालवतो. अशी तुकडी उभी करायला निघालेल्यांच्या उपयोगी पडेल तेवढं लिहितो.

तुकडी बारा ते चौदा जणांची ठेवावी. त्याहून मोठी झाली की सरावात निम्मे नुसते बसून राहतात. वय १९ ते २८. एका मंडळीतून एकट्याला घेत नाही. किमान दोघं हवेत आणि त्यात एक मुलगी. एकटा परत गेलेला पोरगा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या पहिल्याच बैठकीत गप्प होतो. अर्जासोबत दोन पत्रं मागतो, एक पाळकांचं आणि दुसरं मंडळीबाहेरच्या कुणाचं तरी, म्हणजे कॉलेजातले शिक्षक, कामावरचे वरिष्ठ किंवा शेजारी. दुसरं पत्र जास्त बोलतं. त्यानंतर उमेदवाराला तीन आठवडे एखाद्या चालू अभ्यासिकेत चटया टाकायला, हजेरी घ्यायला आणि लहान मुलांना घरापर्यंत सोडायला लावतो. माईक मिळत नाही म्हणून रुसणारे इथेच गळतात, आणि ते बरंच असतं.

वेळापत्रक हा वाटतो त्यापेक्षा अवघड भाग आहे. रविवारची उपासना आटोपली की दुपारी वर्ग घ्यावा, असं सगळ्यांना सुचतं. पण रविवारी दुपारी हार्बर लोकलवर मेगाब्लॉक असतो, आणि ट्रॉम्बे-मानखुर्दकडून येणारा तासभर उशिरा पोचतो. शिवाय मॉलमध्ये, हॉस्पिटलात, डिलिव्हरीत काम करणाऱ्यांना रविवारी सुट्टी नसतेच. म्हणून शनिवारी संध्याकाळी ७ ते सव्वानऊ, आणि महिन्यातून एकच रविवार, तोही वस्तीतल्या प्रत्यक्ष कामासाठी. एकूण बारा आठवडे. सुरुवात जुलैच्या मध्यावर, दहावी-अकरावीच्या प्रवेशांची धावपळ ओसरल्यावर. गणपतीचे दहा दिवस वर्ग बंद. ऑक्टोबरअखेर सगळं संपलंच पाहिजे, कारण नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू होतो आणि मग बायबल कॉलेजचे प्राचार्य आले तरी वर्गाला कुणी फिरकत नाही.

पहिले तीन आठवडे आम्ही काहीच ‘करू’ देत नाही, नुसतं बघायला पाठवतो. आधार बायबलमधल्या नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायाचा. यरुशलेमेत पोचल्यावर तो तीन दिवस थांबतो, मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडलेला तट पाहतो, कुणाला काही सांगत नाही, आणि ‘चला, बांधू या’ हे त्यानंतर म्हणतो. आपल्याकडे बांधकाम आधी आणि पाहणी नंतर.

जोडीजोडीने एकच गल्ली तीन वेळांना फिरायची. सकाळी सहाला, दुपारी चारला आणि रात्री नऊला. खिशात लहान वही. पाणी किती वाजता येतं आणि कोण भरतं, सार्वजनिक शौचालयात किती सीट चालू आहेत आणि पैसे किती घेतात, पोरं कुठल्या शाळेत जातात, क्लास कुणाचा आहे, अंगणवाडी, पालिकेचा दवाखाना, विहार, मशीद, मंडळाचा कट्टा, बचत गटाची बैठक कुठे भरते, नशेसाठी हुंगायचं व्हाइटनर आणि सोल्युशन कुठल्या टपरीवर मिळतं. हे सगळं घरी जाऊन लिहायचं. गल्लीत उभं राहून लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत आणि छापील फॉर्म तर बिलकूल न्यायचा नाही. वस्तीत हातात कागद घेऊन फिरणारा माणूस म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा सर्व्हे, अशी लोकांची पक्की समजूत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. एकदा ती शंका बसली की लोक तुम्हाला घर मिळावं म्हणून २०००च्या आधीपासून राहत असल्याचे पुरावे दाखवू लागतात, नाहीतर दार लावून घेतात.

चौथ्या आठवड्यात चार्ट पेपरवर नकाशा काढायचा. बहुतेक नकाशांत एक उणीव सारखीच असते. दुकानं येतात, कट्टे येतात, प्रार्थनास्थळं येतात, पण मुली कुठेच नसतात, कारण त्या नाक्यावर उभ्या राहत नाहीत. त्या नळावर असतात, धाकट्या भावंडाला सांभाळत असतात, किंवा घरात बसून इमिटेशनच्या माळा ओवत असतात. पुरुष लीडरने तयार केलेला कार्यक्रम मग आपोआप कॅरम आणि क्रिकेटचा होतो. म्हणून तुकडीतल्या मुलींना दुपारी चारच्या सुमारास आयांशी बोलायला वेगळं पाठवतो, आणि त्यांची माहिती त्याच नकाशावर लाल पेनाने घालतो. लाल रंग चढल्यावर अभ्यासिकेची वेळ आणि जागा बदलावी लागली नाही, असा नकाशा विरळाच.

टपरीबद्दल एक सूचना आवर्जून देतो. लहान मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू देणं हा २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे कळल्यावर उत्साही पोरं थेट टपरीवाल्याला जाब विचारायला निघतात. तसं करायचं नाही. माहिती आपल्याला नेमून दिलेल्या मार्गदर्शकाला द्यायची, त्याने आणि पाळकांनी मिळून पोलीस ठाण्यात बोलायचं. रोज त्याच गल्लीतून एकट्याने परतायचंय ते लीडरला.

पुढचे दोन शनिवार ऐकण्याच्या सरावाचे. तिघांचा गट करायचा. एक बोलतो, एक ऐकतो, एक नुसतं बघतो. वेळ सात मिनिटं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, बायबलचं वचन सांगायचं नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणायचं नाही. दिसायला सोपं आहे, पण चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना तिसरं मिनिट जड जातं. ‘चल, आपण प्रार्थना करू’ असं म्हणून ते डोळे मिटतात. प्रार्थनेला कुणाचाच विरोध नाही. पण समोरचा अजून बोलायचा असताना केलेली प्रार्थना बोलणं बंद करते, आणि मुलांना ते बरोबर समजतं.

सरावासाठी एक प्रसंग नेहमी देतो. नववीतला मुलगा म्हणतो, ‘दादा, मी उद्यापासून येणार नाय.’ पहिलं उत्तर बहुतेक वेळा, ‘अरे, असं करू नकोस, देवाची तुझ्यासाठी मोठी योजना आहे.’ संवाद तिथेच आटोपतो. दुसऱ्या फेरीत सांगतो की फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ‘का’ने सुरू होणारे नकोत, कारण ‘का’ म्हटलं की पोर जाब दिल्यासारखं बोलतं. मग ‘कधी ठरवलंस?’ असं विचारलं जातं. मुलगा म्हणतो, ‘सोमवारी.’ ‘सोमवारी काय झालं?’ ‘पप्पांचं काम सुटलं.’ ‘मग आता घरात कोण कमावतंय?’ ‘मीच जातोय ना, गॅरेजला.’ आता बोलण्यासारखं काही हाती लागलं. गॅरेजची वेळ काय, शाळेतलं नाव कापलंय का, आणि कापलंच तर पुढे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं का, असे खरे प्रश्न त्यानंतर येतात. १७ नंबरच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं आणि त्या हुकल्या की वर्ष जातं, म्हणून प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर त्या लावायच्या.

बालसुरक्षेला पूर्ण दोन शनिवार देतो आणि त्यांतला एकही चुकला तर शेवटी लीडर म्हणून मिळायचं पत्र मिळत नाही. यात सूट नाही, पाळकांच्या मुलालाही नाही. नियम कोरडे आहेत. मुलांसोबत नेहमी दोन मोठी माणसं. दार उघडं. मुलाला एकट्याला बाइकवर बसवायचं नाही. रात्री व्हॉट्सअॅपवर वैयक्तिक गप्पा नाहीत, जे लिहायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. सहलीला आठ मुलांमागे एक मोठा, मुली असतील तर बाई सोबत हवीच, आणि पालकांची लेखी परवानगी.

त्यानंतर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा. इथे वर्गात सर्वांत जास्त चुळबुळ होते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर वर्षापर्यंत. म्हणजे ‘आधी पंचांसमोर ठेवू’, ‘मंडळीची बदनामी होईल’, ‘दोघांना बसवून मिटवू’ हे तिन्ही रस्ते बंद. पाळकांना सांगायचं ते माहिती म्हणून, परवानगीसाठी नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. पुढची चौकशी त्यांची. लीडरने मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही. मूल बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहायचं आणि सही करायची. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसायचं नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ हवा.

आणि आपल्या मंडळ्यांत माहिती गळण्याची खास वाट म्हणजे प्रार्थनेचा विषय. ‘आपल्या अभ्यासिकेतल्या एका मुलीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असं असं झालंय’ हा मेसेज तरुण संघाच्या ग्रुपवर पडला की अर्ध्या तासात तो गल्लीत पोचतो. ग्रुपवर नाव नाही, गल्ली नाही, ओळख पटेल असं काही नाही. ‘एका गरजेसाठी’ एवढं पुरे, देवाला पत्ता ठाऊक आहे.

प्रत्यक्ष कामाचा नमुना म्हणून अभ्यासिकाच देतो, कारण वस्तीत जागेची सर्वांत मोठी टंचाई मुलांच्या वहीपुस्तकांना आहे. दहा बाय बाराच्या खोलीत बारा मुलं बसतात. पंधरा झाली की आवाज आवरत नाही. वेळ पाण्यावर ठरते, बहुधा सात ते नऊ. पुनर्वसनाच्या इमारतीत सोसायटीचं ऑफिस किंवा सभागृह मिळू शकतं. सेक्रेटरीला लेखी अर्ज द्यायचा, त्यात कामाचं स्वरूप ‘अभ्यासवर्ग’ असं असेल तर तिथे अभ्यासच व्हायला हवा.

यावरून जुन्या माणसांशी दरवेळी वाद होतो. अभ्यासिकेत आम्ही बायबल शिकवत नाही, गाणी घेत नाही, येणाऱ्या मुलांना रविवारी चर्चला बोलावत नाही. कुणी विचारलं तर आपण कोण ते स्पष्ट सांगायचं, लपवायचं काही नाही. पण पालकांनी ज्यासाठी पाठवलं तेवढंच करायचं. ‘मग ही सेवा कसली?’ असं विचारणारे वडीलधारे प्रत्येक मंडळीत आहेत. बायबलमधल्या यिर्मयाच्या २९व्या अध्यायात बंदिवासात गेलेल्यांना त्या परक्या नगराचं हित पाहायला सांगितलंय, त्याला दुसरी अट जोडलेली नाही, एवढंच मी म्हणतो. व्यवहाराचं कारणही आहेच. धर्मांतराची अफवा उठायला एक संध्याकाळ पुरते आणि ती निस्तरायला दोन वर्षं. म्हणून वर्ग उघडण्याआधी पोलीस ठाणं, शेजारचा विहार, मशिदीचे विश्वस्त आणि मंडळाचे कार्यकर्ते यांना लीडरने पाळकांसोबत जाऊन भेटायचं.

दाखल्यांच्या कामात एक ठिकाणी सांभाळून राहायला सांगतो. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या वहीत दुसरा असतो. लीडरने त्यावर मत द्यायचं नाही, काय लिहायचं तेही सुचवायचं नाही. कायद्याची माहिती असलेल्याकडे पाठवायचं. १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करता येते.

पैशांचा नियम एका ओळीचा आहे. लीडरने कुणाला रोख पैसे द्यायचे नाहीत, उसनेही नाहीत. औषध, फी, रेशन, जे असेल ते मंडळीच्या निधीतून, पावतीवर, दुसऱ्याच्या हातून. उलट लीडरचा प्रवासखर्च महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातात द्यावा. ‘प्रभूसाठी करतोय’ म्हणून तो मागत नाही, आणि मग एक दिवस यायचा बंद होतो.

गळती प्रशिक्षणात होत नाही, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होते. शिफ्ट बदलते, पंचांशी खटका उडतो, मुलीचं लग्न ठरून ती बदलापूरला जाते. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेला दोघं, आणि तीन लीडरमागे एक मार्गदर्शक. दर पंधरवड्याला पाऊण तास बसायचं. कुठल्या मुलाचं काय चाललंय, कुठे हद्द ओलांडली गेली, आणि तू स्वतः झोपतोस का नीट? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की आठवड्यातून दोन संध्याकाळी सक्तीची सुट्टी, आणि गरज वाटली तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६.

वस्ती पाडून लोक संक्रमण शिबिरात गेले की नकाशा फुकट जातो. तीनशे चौरस फुटांच्या घरांच्या इमारतीत नाका राहत नाही. पोरं जिन्यात आणि गच्चीवर बसतात, वॉचमन हाकलतो. तिथे बघण्याचे तीन आठवडे पुन्हा द्यावे लागतात, लीडर कितीही जुना असला तरी.

शेवटच्या शनिवारी प्रमाणपत्र देत नाही. सहा महिने काम झाल्यावर पाळकांच्या सहीचं पत्र मिळतं, मुदत एक वर्ष. नूतनीकरणासाठी मार्गदर्शकाचा अभिप्राय लागतो आणि वस्तीतल्या दोन घरांचा. त्यातलं एक घर तरी ख्रिस्ती नसलेलं हवं.