व्राच : रशियन भाषेतला डॉक्टर

रशियनमधल्या काही शब्दांच्या मी अक्षरशः प्रेमात आहे आणि त्यात व्राच एकदम वरच्या नंबरवर. व्राच म्हणजे डॉक्टर.

रशियनमध्ये काही क्रियापदांना 'आच' लावलं की ते काम करणारा माणूस तयार होतो, म्हणजे त्कात् म्हणजे विणणं आणि त्काच म्हणजे विणकर. त्याच चालीवर व्रात् वरून व्राच, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. आता आजच्या रशियनमध्ये व्रात् म्हणजे चक्क खोटं बोलणं, त्यामुळे डॉक्टर म्हणजे थापाड्या असले जोक होतात, मला ते अजिबात पटत नाहीत, कारण जुन्या काळी व्रात् चा अर्थ नुसता बोलणं असा होता. म्हणजे व्राच हा मंत्र पुटपुटून आजार घालवणारा माणूस! सर्बियनमध्ये तर व्राच म्हणजे अजूनही भविष्य सांगणारा, मांत्रिक. रशियनमध्ये लेकार असाही जुना शब्द होता, तो मागे पडला पण औषधाला आजही लेकार्स्त्वा म्हणतात.

ग्रामर तर अजून भारी. शब्द पुल्लिंगी, पण रशियात डॉक्टर बायकाच जास्त, मग करायचं काय? आपण 'डॉक्टर आल्या' म्हणतो ना, अगदी तसंच, नाव तेच ठेवायचं आणि भूतकाळाचं क्रियापद बदलायचं. पुरुष असेल तर 'व्राच प्रिशोल', बाई असेल तर 'व्राच प्रिश्ला'. 'आमचा' साठी मात्र 'नाश व्राच प्रिश्ला' असं पुल्लिंगी रूपच लिहितात, बोलताना लोक 'नाशा व्राच' पण म्हणतात, पण ही सूट फक्त प्रथमा विभक्तीत! 'आमच्या डॉक्टरकडे' म्हणायचं तर बाई असली तरी 'क् नाशेमु व्राचू', तिथे स्त्रीलिंगी 'नाशेय' लावलं की ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतंच. व्राचिखा असं स्त्रीलिंगी रूप आहे, पण ते बोलीतलं आणि जरा हेटाळणीचं, कुणाच्या तोंडावर वापरू नका प्लीज.

आणि जी पोरं तिकडे एमबीबीएसला जातायत त्यांच्यासाठी, प्रोफेशन सांगताना व्राच म्हणा, पण समोरच्या डॉक्टरला हाक मारताना दोक्तर, 'व्राच, इकडे या' असं कुणी म्हणत नाही.