गुप्त पानावरचा खुनी

बडोद्यातल्या दांडिया बाजाराजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात सगळ्यात लवकर झिजतं ते रहस्यकथांचं कपाट. चरित्रं धूळ खातात, खुनाच्या पुस्तकांची मात्र पुन्हा पुन्हा बांधणी करावी लागते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या मागणारे अजून येतात. फक्त आता शेजारच्या खणात रक्ताळलेल्या मुखपृष्ठांचे जाडजूड थ्रिलर आहेत.

त्या सोमवारी एका काकांनी देवघेवीच्या टेबलावर कादंबरी आपटली. "ताई, खून अजून व्हायचाय आणि खुनी कोण ते लिहून ठेवलंय!" समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मेव्हणा'.

अख्खं कपाट खाली काढलं. 'नर्स.' 'वकील, पण एकटा नाही.' एकात तर आधीचं नाव खोडून दुसरं. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, तिथे हे म्हणजे देवळात चपला घालून शिरणं. राग आलाच. पण इतकी वर्षं लोकांना तपासकथा देऊन आता आपल्याच वाट्याला तपास आला, याची मजाही वाटली.

वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात एक गुप्त पान असतं. पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर शिक्का आणि दाखल क्रमांक असतो. (आमचं पान कितवं, ते इथे लिहिणार नाही.) सगळी नावं बरोब्बर त्या शिक्क्याखाली होती. म्हणजे माणूस आमच्याच धंद्यातलं. पुस्तकांची कार्डं चाळली तर एकच सभासद क्रमांक सगळीकडे सापडला. ऐंशीच्या घरातल्या काकू, शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल.

संध्याकाळी त्या आल्या. विचारलं, तर जराही ओशाळल्या नाहीत. "मी शेवटचं पान आधी वाचते. हल्ली पुन्हा तेच पुस्तक नेलं तर आठवत नाही, म्हणून लिहून ठेवते."

"मग वाचायला उरलं काय?"

"अगं, खरी गंमत तिथूनच! मेव्हण्यानं मारलंय हे मला ठाऊक. आता तो भेटायला आलेल्यांना चहा विचारतो, मेलेल्याच्या पोराचा अभ्यास घेतो, ते मी बघत बसते. तुमचं सगळं लक्ष नाव शोधण्यात. त्याच्या चहाकडे बघतंय कोण?"

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक हेच म्हणायचा: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, मग साध्या गप्पाही अंगावर येतात. २०११ साली लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या अमेरिकी संशोधकांनी काही वाचकांना शेवट आधी सांगून कथा वाचायला दिल्या, तर त्या त्यांना जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. तरी काकांची चिडचिड मला रास्त वाटते. कोडं सोडवायला बसलेल्या माणसासमोर उत्तर ठेवायचं नाही. पण अशा काळ्याकुट्ट कथांकडे आपण ओढले जातो ते निव्वळ कोड्यासाठी नव्हे. आपल्यासारखंच जेवणारं-झोपणारं माणूस पोटात एवढं मोठं पाप घेऊन कसं वावरतं, ते सुरक्षित अंतरावरून बघायचं असतं.

नियमाप्रमाणे दंड घेतला, नावं खोडरबराने पुसली आणि काकूंना एक वही दिली. ती माझ्या खणात असते. आता आणखी दोघे-तिघे पुस्तक नोंदवण्याआधी हळूच ती वही मागतात. त्यांतले एक निवृत्त फौजदार आहेत.