१२ मैलांचे दोन प्रवास

त्या बेटावर मी लागोपाठ दोन दिवस गेलो. पहिल्या दिवशी मोटारबोटीने, दुसऱ्या दिवशी शिडाच्या होडीने. अंतर १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर.

मोटारबोटीने अर्ध्या तासात पोहोचवलं. वेग वाढला तशी बोट नाक वर करून पाण्यावर चढली आणि लाटांच्या माथ्यांवरून आपटत निघाली. बोलायचं तर ओरडून. मजा आली, खोटं कशाला सांगू? फक्त मधे फोटोंसाठी इंजिन मंद केलं तेव्हा बोट अशी हिंदकळली की फोटो राहिले बाजूला, मी पोट धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी कप्तानबाईंनी शीड चढवलं आणि सांगितलं, "वारा बेटाकडूनच येतोय." म्हणजे सरळ जायची सोय नाही. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एका अंगाने जायचं, मग वळून दुसऱ्या अंगाने. या नागमोडीत १२ मैलांचे १७ होतात. वेग पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल. हिशेब केला, साडेतीन तास! मनात आलं, हा काय खुळेपणा.

थोड्या वेळाने त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं. मी आपला बेटाकडे बघतोय. "तिकडे नको, इकडे बघा," म्हणत त्यांनी शिडावर चिकटवलेले लोकरीचे दोन धागे दाखवले. शिडाच्या दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहत असले की वारा नीट लागतोय. शीड वाऱ्याने नुसतं ढकललं जातं, असं मी समजत होतो. पण वारा येतो त्या बाजूला चढताना ते विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याच्या फुगीर बाजूवरून हवा वेगाने जाते आणि शीड तिकडे ओढलं जातं. ही ओढ होडीला आडवीही नेऊ पाहते, पण तळाखालची जड कील, म्हणजे पाण्यात उतरलेली उभी पाती, आडवं सरकू देत नाही. उरते ती पुढे जाण्याची ओढ. जरा हाव धरून मी नाक वाऱ्याकडे वळवलं, तर शीड फडफडून होडी पार मरगळली. ही चूक मी सहा-सात वेळा केली असेल.

आणि मग केव्हातरी होडी चालवणं जमलं. धागे स्थिर, होडी एका कुशीवर कललेली, सुकाणूवर बोटांपुरता जोर. शांतता म्हणाल तर अजिबात नव्हती. पाणी खळाळत होतं, दोर करकरत होते. पण प्रत्येक आवाज काहीतरी सांगत होता. आदल्या दिवशी तासाला ४०हून जास्त किलोमीटर धावताना जे वाटलं नव्हतं, ते नऊ किलोमीटरला वाटलं: वेग. पोटही शांत होतं, कारण शिडावरचा वाऱ्याचा दाब होडीला डुलू देत नाही.

परतताना वारा पाठीशी आला आणि एकदम पडल्यासारखा वाटला. होडी त्याच्याच दिशेने जात असल्यामुळे १२ नॉटचा वारा अंगाला सातचाच लागत होता. उकडायला लागलं. संध्याकाळी मात्र तो खरोखरच पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं. अर्धा तास आम्ही तरंगत बसलो. काठावर पोहोचायची घाई असलेल्यांनी या भानगडीत पडू नये, हे तेव्हा कळलं.

अखेर कप्तानबाईंनी इंजिन सुरू केलं आणि एक काळा शंकू, टोक खाली करून, पुढच्या बाजूला टांगला. शीड वर असताना इंजिनही चालू असेल तर दिवसा ही खूण लावायची असते. समुद्राच्या नियमांत अशी होडी मोटारबोटच ठरते, आणि मोटारबोटीने सहसा शिडाच्या होडीला वाट द्यायची असते.

समोरून एक शिडाची होडी येत होती. कुठून मिळाला होता कोण जाणे, तिच्या शिडात वारा होता. आम्ही मुकाट्याने बाजूला झालो.