चाड्यावरची मूठ आणि 50 ग्रॅमचं पाकीट

माझे धाकटे दीर टेक्सासला असतात. तिथं त्यांना नेमबाजीचा नाद लागला आणि पाठोपाठ घरच्या घरी काडतुसं भरायचाही. मागच्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर ते टेबलाशी बसलेले दिसले. समोर एक डबा, त्याच्यातून एक नळी बाहेर आलेली आणि नळीखाली ताटलीएवढा काटा.

"काय करायलाव भाऊजी?" मी विचारलं.

"दारू मोजायलो वहिनी."

दारू म्हटल्यावर मागं लसूण सोलत बसलेल्या आत्याबाई उठूनच आल्या. बंदुकीची दारू आहे हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. मग भाऊजींनी बटण दाबलं. नळी गरागरा फिरली, काळी कणी भुरभुर पडली, आणि आकडा जवळ आल्यावर नळी एकदम हळू झाली. कण, थांब. कण, थांब. मग टिंग करून बंद.

आत्याबाई म्हणाल्या, "ही तर चाड्यावरची मूठ आहे की गं!"

त्यांना कळणारच. तरुणपणी गावाकडं पेरणीला तिफणीमागं चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरायला त्यांनाच बोलवायचे. पाच बोटांतून ज्वारी अशी सोडायच्या की दाटही नाही आणि विरळही नाही.

आमचा लातुरात घरगुती मसाल्याचा धंदा आहे. मिरची पूड, हळद, येसर, काळा मसाला. गंजगोलाईतून माल आणायचा, घरी निवडून-भाजून कांडपाला न्यायचा आणि मग आम्ही तिघीजणी चमच्यानं पाकिटं भरायचो, एकेक काट्यावर ठेवून. कमी भरलं तर पाप लागेल म्हणून जाऊबाई प्रत्येक पाकिटात चिमूट वाढीव टाकायच्या. एकदा मी 20 पाकिटं मोजली तर सरासरी साडेबावन्न ग्रॅम निघाली. आठवड्याला 1200 पाकिटं जातात, म्हणजे 3 किलो मसाला नुसता पुण्याईत जमा. किलोला 600 रुपये धरले तर 1800 झाले. तेव्हापासून मशीन डोक्यात घुसलं.

भाऊजींना फोन करकरून मी भंडावून सोडलं. त्यांचा काटा ग्रेनमध्ये मोजतो. हे माप आपल्याला परकं नाही. जुना तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन. तोळ्याला 96 गुंजा, तेव्हा सोनाराची गुंज पावणेदोन ग्रेनच्या जरा वर जाते. त्यांचं मशीन एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतं, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. तिथं चूक झाली तर बंदुकीची नळी फुटून हाताडोळ्यांवर येतं. माझी चूक झाली तर आमटी जरा झणझणीत होईल, इतकंच. (आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा कुणी हौसेनं त्या वाटेला जाऊ नका.)

आधी त्यांच्याकडं मापानं सोडणारं हाताचं यंत्र होतं. दांडी खालीवर केली की ठरावीक खळगाभर दारू पडते. गोल कण्यांची दारू त्यातून छान वाहते, पण लांबट काड्यांसारखी असली की कडेला अडकते, कटकन तुटते आणि वजन इकडं-तिकडं होतं. म्हणून त्यांनी वजनावर चालणारं घेतलं. ते म्हणाले, "वहिनी, मशीन बघायच्या आधी आपली पूड कशी वाहते ते बघा."

ही गोष्ट मला पुण्यात कामाला आली. तिथल्या एका दुकानात विक्रेत्यानं थरथरणारं मशीन दाखवलं. पसरट पन्हाळी, खाली व्हायब्रेटर, 16 हजार रुपये. त्यानं साखर ओतली आणि काय सांगू, दर पाकीट 50 वर 50. साखर काय हो, कशातूनही वाहते! मी पिशवीतून डबा काढला. लातूरहून एसटीत मांडीवर धरून आणलेला काळा मसाला होता, खोबरं आणि तीळ पोटात असलेला. मसाला पन्हाळीत पडला, दोनदा थरथरला आणि तिथंच थापी झाली. जितकं हलवावं तितका घट्ट बसायला लागला. विक्रेता म्हणाला, "मॅडम, मसाला जरा कोरडा करून आणा." मी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या ठिकाणी वाटीचं मशीन होतं, मापानं भरणारं. येसर बरा चालला, शेवटी भाजलेल्या धान्याचं पीठच ते. पण वर डबा भरलेला असताना पाकीट जड आणि तळाला आल्यावर हलकं, कारण वरच्या भारानं खालची पूड दाबली जाते.

शेवटी घेतलं ते स्क्रूचं. शंकूसारखं चाडं, मधे उभा स्क्रू आणि कडेनं सतत ढवळणारं पातं, म्हणजे मसाल्यात पोकळी पडून गुहा होत नाही. खाली काटा आहे. 46 ग्रॅमपर्यंत स्क्रू जोरात फिरतो, मग थोडा थोडा. भाऊजींच्या नळीची मोठी बहीणच! 85 हजार पडले. ह्यांनी आठवडाभर तोंड पाडलं होतं. मी मात्र घ्यायच्या आधी एकच हट्ट धरला, की पान्याशिवाय स्क्रू उघडून दाखवा. मिरचीनंतर हळद घ्यायची तर सगळं निघून धुता आलं पाहिजे.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी काटा नाचायला लागला. 49, 51, 48. मी घाबरून दुकानात फोन केला, तर "सेटिंग बघा" म्हणून ठेवून दिला. भाऊजींनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "पंखा चालू आहे का?" मे महिना, लातूर, आणि पंखा बंद? पण बंद केला तर आकडा दगडासारखा स्थिर. त्यांच्या काट्यावरही झाकण असतं, एसीच्या झोतातही ते काम करत नाहीत. मग ह्यांनी जुन्या कपाटाच्या काचा लावून काट्याला तीन बाजूंनी आडोसा केला. आता पंखा चालतो, हळू.

लाइटचा त्रास वेगळाच. एकदा जाऊन आली आणि शून्य सरकलं. 60 पाकिटं 56 ग्रॅमनं भरली गेली तेव्हा कळलं. आता लाइट आली की अर्धा तास मशीन नुसतं तापू द्यायचं, मग 50 ग्रॅमचं पितळी वजन ठेवून बघायचं आणि मगच मसाला. दर 25 पाकिटांनंतर एक बाजूला काढून दुसऱ्या काट्यावर. त्याच्यावर वजनमापे खात्याचा वर्षाचा शिक्का आहे. 50 ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट नियमात माफ आहे, पण सरासरी छापील वजनाच्या खाली गेलेली चालत नाही.

भाऊजींचा एक नियम मी जसाच्या तसा उचलला. टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि उठताना चाडं रिकामं करून पूड ज्याच्या त्याच्या डब्यात परत. त्यांच्याकडं दोन दारू एकत्र होणं जिवावर बेतू शकतं, शिवाय काही जातींची दारू प्लास्टिक खाते. आमच्याकडं रात्रभर राहिलेला काळा मसाला पावसाळ्यात सकाळी खडा होतो.

जाऊबाई अजून प्रत्येक पाकिटाकडं संशयानं बघतात. चिमूट टाकायला हात शिवशिवतो त्यांचा. मी काटा 50.2 वर लावून ठेवलाय, त्यांच्या समाधानासाठी.

दिवाळीला भाऊजींकडं मसाला पाठवला. पोचल्यावर रात्री दहाला फोन. "वहिनी, एक पाकीट माझ्या काट्यावर टाकलं. 774 ग्रेन भरलं." मी कागदावर हिशोब केला, 50.15 ग्रॅम. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, मूठ बरोबर आहे."

त्यांच्या ताटलीला मात्र अजून काळ्या मसाल्याचा वास येतोय म्हणे.