हेडफोन कोणी लावायचे?

इंग्लंड आणि वेल्समध्ये एखाद्याचा मृत्यू अपघाताने, हिंसेने किंवा न उलगडणाऱ्या कारणाने झाला, तर त्याची चौकशी कॉरोनर हा न्यायिक अधिकारी उघड सुनावणीत करतो. मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनरचे न्यायालय होते. उरलेल्या महाराष्ट्रात हे काम पोलिसांच्या इन्क्वेस्ट पंचनाम्यावर चालत आले आहे. कॉरोनरला चारच प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात: मृत व्यक्ती कोण, मृत्यू कधी झाला, कुठे झाला आणि कसा झाला. दोष कोणाचा हे ठरवणे त्याच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे तिथे फिर्यादी नसतो, आरोपी नसतो आणि साक्षीदाराला खिंडीत गाठणारी उलटतपासणीही सहसा होत नाही. मी वायव्य वेल्समधल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात डॉक्टर आहे आणि अशा सुनावण्यांत साक्ष देणे हा माझ्या नोकरीचा भागच आहे. त्यांतली कार्नार्व्हन गावातली एक सुनावणी मात्र माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे, आणि त्याचे कारण वैद्यकीय नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गेलेले गृहस्थ मेंढ्या पाळणारे शेतकरी होते, वय सत्तरीच्या पुढचे. इथल्या डोंगरउतारांवरच्या कुरणांत फिरायला शेतकरी क्वाड बाइक वापरतात. चार जाड चाके आणि मोटारसायकलसारखे हँडल असलेले हे वाहन ओल्या उतारावर कलंडले, तर चालवणाऱ्याच्या अंगावरच येते. तसेच घडले होते. त्यांना आमच्याकडे आणले तेव्हा ते शुद्धीवर होते. सुरुवातीला माझ्या प्रश्नांना त्यांनी इंग्रजीत उत्तरे दिली. रक्तदाब उतरू लागला तसे ते वेल्शमध्येच बोलू लागले. माझ्याबरोबरची सिस्टर त्याच भागातली होती. गणवेशावर नारिंगी बिल्ला, म्हणजे ही व्यक्ती वेल्श बोलते याची खूण. तिने त्यांचा हात धरून त्यांच्याच बोलीत चौकशी सुरू ठेवली, आणि अपघात कसा झाला याबद्दल ते जे बोलले ते केसपेपरवर आधी वेल्शमध्ये, जसेच्या तसे, आणि खाली इंग्रजीत लिहून ठेवले. मी छातीत नळी घालण्याच्या गडबडीत होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्यांनी प्राण सोडला.

सुनावणीच्या दिवशी दालनात शिरताना कारकुनाने प्रत्येकाला विचारले, हेडफोन लागतील का. मी एक संच घेतला. माझ्या शेजारी विमा कंपनीच्या वतीने इंग्लंडमधून आलेले वकील बसले होते, त्यांनीही घेतला. कोपऱ्यात एक बाई छोटा मायक्रोफोन तोंडाशी धरून बसल्या होत्या, त्या दुभाषी. वेल्श न येणाऱ्या माणसाला या भागात काही वर्षे काढल्यावर हा सरंजाम परिचयाचा होतो, कारण इथल्या परगण्याची, म्हणजे ग्विनेदची, कौन्सिलसुद्धा आपल्या बैठका वेल्शमध्येच घेते. पण एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात पटकन येत नाही. हे भाषांतर एकाच दिशेने चालते, वेल्शमधून इंग्रजीत. उलट दिशेने त्याची गरज पडत नाही, कारण वेल्श बोलणाऱ्या प्रौढांना इंग्रजी येतेच. त्यामुळे दालनाकडे नजर टाकली की कोणाला एकच भाषा येते आणि कोणाला दोन, हे डोक्यांवरूनच कळत होते.

पहिली साक्ष मृताच्या पत्नीची होती. त्यांनी वेल्शमध्ये शपथ घेतली आणि वेल्शमध्येच बोलायला सुरुवात केली. दुभाषी बाईंचा आवाज माझ्या कानात अर्धे वाक्य मागून येत होता. पती सकाळी किती वाजता निघाले, कुत्रा एकटाच कसा परत आला, त्या कुठल्या वाटेने शोधायला गेल्या, हे सगळे त्या न अडखळता सांगत होत्या. पतीच्या हट्टी स्वभावाबद्दल त्या काहीतरी बोलल्या, म्हणे दोन मुलांनी आणि एका पशुवैद्याने सांगूनही त्यांनी हेल्मेट कधी घातले नाही, ते खुंटीवर टांगून त्यात बियाणे ठेवत. दालनात हशा पिकला तो दोन हप्त्यांत: आधी वेल्श कळणाऱ्यांचा, मग दोनेक सेकंदांनी आम्हा हेडफोनवाल्यांचा. उशिरा हसणाऱ्याची जी पंचाईत होते, ती मी त्या क्षणी पुरेपूर अनुभवली.

मधल्या सुट्टीत वकीलसाहेब मला हलक्या आवाजात म्हणाले, "बाई उत्तम इंग्रजी बोलतात. सकाळी दारात माझ्याशी बोलल्याच की. मग हा सगळा खर्च कशासाठी?" प्रश्न उद्धट नव्हता, आणि मी इथे नवी असताना मलाही तो पडत असे. पण त्याचे उत्तर त्या गावाच्याच इतिहासात आहे.

१५३६ च्या कायद्याने इंग्लंडने वेल्सला आपल्यात सामावून घेतले तेव्हा न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श वापरणाऱ्याला राज्यात कोणतेही पद मिळणार नाही, असेही त्यात लिहिले गेले. पुढची चार शतके कोर्टात वेल्श बोलावे लागलेला माणूस म्हणजे एक अडचण मानली जाई, आणि दुभाष्याचा खर्च बहुधा त्याच्याच माथी बसे. १९३६ साली लीन द्वीपकल्पावरच्या विमानदलाच्या बॉम्बफेक-प्रशिक्षण केंद्राला आग लावल्याबद्दल सॉन्डर्स लुइस, लुइस व्हॅलेंटाइन आणि डी. जे. विल्यम्स या तिघा वेल्श राष्ट्रवाद्यांवर खटला चालला तो याच कार्नार्व्हनमध्ये. ज्यूरीचे एकमत होईना, तेव्हा खटला लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात नेला गेला आणि तिघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. या प्रकरणात वेल्शला मिळालेल्या वागणुकीमुळे जो संताप उसळला, त्यातून १९३८ मध्ये न्यायालयांत वेल्शला स्थान मागणारा अर्ज निघाला आणि त्यावर अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्याचे फळ म्हणून १९४२ चा कायदा आला, पण तो कसा? इंग्रजीत बोलावे लागल्याने ज्याचे नुकसान होईल, त्यालाच वेल्श बोलण्याची मुभा. म्हणजे आधी स्वतःचा कमीपणा सिद्ध करा, मग आपल्या भाषेत बोला. ही अट १९६७ च्या कायद्याने गेली. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक कारभारात दोन्ही भाषांना समान वागणुकीचे तत्त्व आणले, आणि २०११ च्या कायद्याने वेल्सपुरता वेल्शला अधिकृत दर्जा आहे असे स्पष्ट शब्दांत लिहिले. गंमत अशी की, इंग्रजीला ब्रिटनच्या संसदेने असा दर्जा कोणत्याही कायद्यात बहाल केलेला नाही. तिला तो कधी मागावाच लागला नाही.

तेव्हा साक्षीला उभ्या राहिलेल्या बाईंना इंग्रजी येते की नाही, हा प्रश्नच १९६७ पासून गैरलागू आहे. कायदा त्यांना तो विचारत नाही. वेल्शमध्ये बोलणार असल्याचे त्यांच्या कुटुंबाने कॉरोनरच्या कार्यालयाला आधी कळवले होते आणि तेवढे पुरेसे होते. भाषेची उणीव त्या दालनात कोणाकडे असेल तर ती माझ्याकडे आणि वकीलसाहेबांकडे होती, आणि म्हणून हेडफोन आमच्या कानांवर होते. अधिकृत दर्जा म्हणजे पाट्या, लेटरहेड आणि द्विभाषिक अर्ज, अशी माझी जी ढोबळ समजूत होती, तिच्यापेक्षा हे बरेच ठोस आहे.

मला साहजिकच आपल्याकडच्या साक्षी आठवल्या. इथे येण्यापूर्वी मी महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होते, आणि मारामारीच्या वा विषबाधेच्या एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या मेडिको-लीगल, केसमध्ये समन्स आले की जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागे. जखमांचा दाखला इंग्रजीत, माझी साक्ष इंग्रजीत, वकिलांचे प्रश्न मराठी आणि इंग्रजीच्या मिसळीत. ज्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली होती तो माणूस बाकावर बसून स्वतःच्याच कवटीचे वर्णन ऐकत असे आणि त्यातला एक शब्द त्याला कळत नसे. त्याच्या कानाला कोणी हेडफोन लावत नव्हते. साक्षीदाराला इंग्रजी येत असेल, तर तो आवर्जून इंग्रजीत बोले, कारण मराठीत बोलले तर आपल्याला इंग्रजी येत नाही असे न्यायाधीशांना वाटेल, ही धास्ती. मराठी ही राज्याची राजभाषा १९६४ च्या कायद्यापासून आहे. धास्ती मात्र कायद्याने जात नाही. वेल्समध्येही ती सरसकट गेली आहे असे मी म्हणणार नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे लोक १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले, आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा कमी झाला आहे. ग्विनेदमध्ये हे प्रमाण ६४.४ टक्के आहे म्हणून असे दालन शक्य होते. राजधानी कार्डिफमध्ये किती जण ही तसदी घेतात, ते निराळे.

दुपारी आधी सिस्टरची साक्ष झाली. तिने वेल्शमध्येच केसपेपरवरची ती ओळ वाचून दाखवली: कुंपणाकडे अडकलेल्या मेंढीसाठी ते गाडी वळवत होते आणि मागचे चाक घसरले. अपघात पाहणारे कोणीच नव्हते, म्हणून "कसा" या चौथ्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर तेच होते. कॉरोनर स्वतः वेल्शभाषक असल्याने त्यांनी मूळ ओळच नोंदवून घेतली आणि सिस्टरला दोन उपप्रश्न विचारले. कोणताही दुवा मध्ये न येता ते काम मिनिटभरात उरकले.

मग माझा नंबर. माझ्याशी कॉरोनर इंग्रजीत बोलले. मी दुखापती सांगितल्या, उपचारांचा क्रम सांगितला. नातेवाइकांना साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. बाई उठल्या आणि वेल्शमध्ये बोलल्या. मी हेडफोन काढून ठेवले होते, ते चाचपडत परत कानावर चढवले, आणि त्यांना प्रश्न पुन्हा विचारावा लागला. त्यांना विचारायचे होते, की त्या अर्धा तास आधी शोधायला निघाल्या असत्या, तर ते वाचले असते का. छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती. हा अपघात आमच्या रुग्णालयाच्या दारात घडला असता तरी बहुधा काही करता आले नसते, असे मी सांगितले. आणि ते खरेच होते. उत्तर त्यांनी सरळ माझ्या तोंडून ऐकले, मध्ये कोणी नव्हते. त्यांचा प्रश्न माझ्यापर्यंत दुभाष्यामार्फत आणि माझे उत्तर त्यांच्यापर्यंत थेट, अशी ती उलटी रचना होती. दुःखात असलेल्या माणसाला एका भाषेचा तरी ताप कमी व्हावा, एवढे त्यातून साधले, आणि माझ्या लेखी दुभाष्याच्या मानधनाची तेवढ्यात वसुली झाली.

कॉरोनरांनी अपघाती मृत्यू अशी नोंद केली, आधी वेल्शमध्ये वाचली, मग इंग्रजीत.

बाहेर व्हरांड्यात त्या कुटुंबाने मला थांबवले. धाकटा मुलगा जवळच्याच कौन्सिलमध्ये नोकरीला होता आणि या विषयात मुरलेला दिसला. तो म्हणाला, आजचे ठीक झाले, पण हाच क्राउन कोर्टातला फौजदारी खटला असता तर ज्यूरीने आईचे बोलणे दुभाष्याकडूनच ऐकले असते, कारण ज्यूरीत बसायला इंग्रजी यावे लागते आणि वेल्श यावी अशी अट अजूनही घालता येत नाही. आयर्लंडचे उदाहरण तो नाक मुरडत देत होता: १९३७ च्या घटनेत आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आहे, तरी रोजच्या कारभारात इंग्रजीच पुढे. उत्तर आयर्लंडात तर कोर्टात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नको, हा १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद व्हायला २०२२ उजाडले. स्कॉटलंडने गेलिकला अधिकृत दर्जा देणारा कायदा केला तो २०२५ मध्ये. "कागद झाले," तो म्हणाला, "आता माणसे नेमा म्हणावे."

त्याच्या आईंनी हे सगळे ऐकून घेतले आणि मला, स्वच्छ इंग्रजीत, विचारले, "तुमच्या देशात कोर्टाची भाषा कोणती, डॉक्टर?"

मी सांगितले, की खालच्या कोर्टांत मराठी चालते, पण उच्च न्यायालयाचे काम राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजीत होते.

"मग अपिलात काय चालले आहे, ते शेतकऱ्याला कोण समजावून सांगतो?"

"त्याचा वकील," मी म्हणाले.

"आणि पैसे कोण देतो?"

"शेतकरीच."

त्यांनी मुलाकडे पाहिले. "तुझ्या पणजोबांनाही द्यावे लागले होते," त्या म्हणाल्या, "कुंपणाच्या दाव्यात."