मेन्थिया आणि पाटीचा दगड

12 ऑक्टोबर, व्हियाफ्रांका देल बिएर्थो

राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीमुळे माद्रिदहून कालच इथे येऊन राहिले आहे. लेओन प्रांताच्या वायव्य टोकाला, डोंगरांनी वेढलेला बिएर्थो हा खोलगट प्रदेश. सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला पायी जाणारे यात्रेकरू याच गावातून गालिथियाच्या चढाकडे वळतात. मी मात्र आले आहे ती मेन्थिया या एका द्राक्षासाठी. गेली चार वर्षे जी लाल वाइन मी सर्वांत आवडीने पीत आले ती याच वाणाची, आणि तरीही तिची बाग मी आजवर पाहिली नव्हती.

सकाळी शेजारच्या कोरुयोन गावाच्या उतारावर गेले. तोडणी आटोपली होती आणि पाने तांबूस होऊ लागली होती. निफाडला आमच्या बागेत याच दिवसांत गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठी करायच्या छाटणीची, घाई चाललेली असते. इथे वेली आता झोपी जाणार आणि छाटणी थेट हिवाळ्यात होणार. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकच्या नळ्याही नाहीत. गुडघ्याएवढे काळे, पीळ पडलेले बुंधे, त्यांतले कित्येक साठ-सत्तर वर्षांचे, कोणत्याही आधाराशिवाय उभे आहेत. वडिलांना हे सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न ‘खुंट (ज्या मुळांवर कलम बांधतात ते झाड) कोणता?’ हाच असेल, याची मला खात्री आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने इथल्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि तेव्हापासून इथेही कलम अमेरिकन खुंटावरच बांधतात. आपल्याकडच्या डॉगरिज या खुंटाचे मूळही अमेरिकेतलेच.

पायांखाली सगळीकडे पापुद्र्यांचा, करडा-निळा दगड होता. त्याला स्पॅनिशमध्ये ‘पिथार्रा’ म्हणतात, आणि शाळेतल्या फळ्यालाही हाच शब्द आहे. आपण ज्या दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरवली, तोच हा दगड. त्यात माती इतकी कमी की पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही आणि वेलीला मुळे भेगांमधून खोल न्यावी लागतात. साहजिकच घड थोडे आणि मणी लहान राहतात.

या दगडाचे महत्त्व दुपारी पेल्यात कळले. उतरणीच्या पायथ्याशी असलेल्या वाइनच्या एका छोट्या तळघरात तिथल्या मालकांनी एकाच वर्षाच्या, एकाच पद्धतीने केलेल्या दोन वाइन समोर ठेवल्या: एक खालच्या सपाट, सुपीक जमिनीतली, दुसरी वरच्या पाटीच्या दगडातली. दोन्ही निव्वळ मेन्थिया. पहिलीत लाल चेरीची गोडसर चव होती, घोट सहज उतरत होता आणि तितक्याच सहज विसरला जात होता. दुसरीचा रंग गडद जांभळा. तिच्या वासात आधी जांभळ्या व्हायोलेट फुलांचा गंध आला, मागून रासबेरीचा, आणि शेवटी पहिल्या पावसात ओल्या झालेल्या दगडाचा. तुरटपणा होता, पण जीभ आवळणारा नव्हता, आणि आंबटपणा इतका नेमका की प्रत्येक घोटानंतर तोंड पुन्हा स्वच्छ होत होते. दोन-तीन वाणांचे मिश्रण असते तर हा फरक मी कोणत्या तरी वाणाच्या नावावर घातला असता. इथे तशी पळवाट नव्हती. बदलली होती ती फक्त जमीन.

मेन्थियाला हा मान उशिरा मिळाला. फिलॉक्सेरानंतरची पुष्कळ लागवड जास्त उत्पन्न देणाऱ्या सपाटीवर झाली, आणि त्यामुळे हा वाण फिक्या, साध्या वाइनचा असाच समज रूढ झाला. बिएर्थोला अधिकृत मूळस्थानाचा दर्जा 1989 साली लाभला, परंतु खरे वळण आले ते 1999 मध्ये, जेव्हा कातालोनियातल्या प्रिओरात या वाइनप्रदेशात नाव कमावलेले वाइननिर्माते आल्वारो पालाथिओस आणि त्यांचे भाचे रिकार्दो पेरेथ पालाथिओस यांनी कोरुयोनच्या चढावरचे जुन्या वेलींचे लहान लहान तुकडे घेऊन काम सुरू केले. एवढ्या तीव्र उतारावर नांगरणीसाठी खेचरे लागतात. अशा कष्टाच्या जागा सोडून न देता तिथल्या म्हाताऱ्या वेली ज्यांनी जपल्या, त्या शेतकऱ्यांविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

मालकांशी बोलताना आणखी एक गोष्ट पक्की झाली. मेन्थिया लवकर पिकते आणि पिकताच तिचा आंबटपणा झपाट्याने उतरतो. तोडणी थोडी लांबली तरी वाइन जड आणि मंद होते. माद्रिदमध्ये मला काही बाटल्या निस्तेज का वाटल्या असतील, याचा उलगडा त्यातून झाला. शिवाय मी ती खोलीच्या उष्णतेत पीत असे, तर इथे ती तळघरातून आणून, 14-15 अंशांवरच ओततात. सुगंध त्यामुळेच मोकळा होतो.

रात्री जेवणात तोंडीलावणे म्हणून इथल्याच भाजलेल्या, सोललेल्या लाल मिरच्या होत्या, लसूण आणि ऑलिव्ह तेलात मुरलेल्या. वांगे भाजताना येतो तसा धुरकट वास त्यांना होता आणि वरच्या उतारावरची वाइन त्यांच्याबरोबर अधिकच खुलली. उद्या सिल नदीच्या काठाने खाली गालिथियातल्या रिबेइरा साक्रा या वाइनप्रदेशात जायचे आहे, जिथे कड्यांवर पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत हाच वाण लावतात. बाटलीत दोन पेले उरले आहेत. तिथल्या मेन्थियाशेजारी ठेवून चाखता यावेत म्हणून बूच घट्ट लावून ती खिडकीच्या गार कोनाड्यात ठेवली आहे.