लीव्हज्डनचा हॅरी पॉटर स्टुडिओ: कपडेपट आणि सेट नीट बघायचे असतील तर

यूकेमध्ये शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या यादीत हॅरी पॉटरचा स्टुडिओ असतोच. पण बरेच जण तिथे जाऊन ग्रेट हॉलमध्ये (सिनेमातल्या शाळेचा जेवणाचा मोठा हॉल) फोटो, ट्रेनसमोर फोटो, बटरबिअर (सिनेमातलं गोड पेय), दुकान की परत असं करतात आणि मला मनापासून वाटतं की खरं बघण्यासारखं त्यात राहूनच जातं. मी टेक्स्टाइल शिकते, घर कोल्हापूरचं, त्यामुळे कुठलाही कपडा दिसला की आधी शिवण बघायची सवयच आहे. मला तिथे सगळ्यात जास्त भिडलं ते हाताचं काम, कापड, रंग, लाकूड, कागद. ते बघायला वेळ कसा काढायचा आणि पैसे कुठे वाचवायचे, हे पुढे जाणाऱ्यांसाठी लिहितेय.

आधी जागेबद्दल थोडं. हे लंडनमध्ये नाही, वॉटफर्डजवळ लीव्हज्डनला आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांचा कारखाना होता, मॉस्किटो आणि हॅलिफॅक्स विमानं तिथे बनायची, पुढे रोल्स-रॉइसची इंजिनं बनायला लागली, आणि कारखाना बंद पडल्यावर त्या मोठाल्या शेड्स शूटिंगवाल्यांच्या उपयोगाला आल्या. हॅरी पॉटरच्या आठही सिनेमांचं मुख्य काम इथेच झालं आणि 31 मार्च 2012 ला हे लोकांसाठी उघडलं. म्हणजे ही कॉपी करून मांडलेली जत्रा नाही, सेट, कपडे, सामान बहुतेक मूळचंच आहे. काही भाग मात्र नंतर उभारलेत, जसं जंगल 2017 मध्ये आणि ग्रिंगॉट्स बँक 2019 मध्ये, म्हणून पाट्या वाचत जा.

आता तिकीट. गेटवर जाऊन तिकीट मिळेल या भरवशावर अजिबात जाऊ नका, आधी ऑनलाइन बुक करावंच लागतं आणि त्यावर आत जायची वेळ ठरलेली असते. शाळांच्या सुट्ट्यांमध्ये, म्हणजे ईस्टर, जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबरचा हाफ टर्म, डिसेंबर, तेव्हाची तिकिटं खूप आधी संपतात. आपण स्टुडंट आहोत तर याचा फायदा घ्यायचा, टर्म चालू असताना मधल्या वारी लेक्चर नसेल तो दिवस बघायचा आणि सकाळचा पहिल्या तासातला स्लॉट घ्यायचा. मोठ्या माणसाचं तिकीट पन्नास पौंडांच्या वर जातं आणि स्टुडंटला वेगळी सवलत नाही, त्यामुळे हा खर्च आधीच धरून चाला. घाईघाईत उरकायचं असेल तर मी म्हणेन एवढे पैसे घालूच नका. साडेतीन तास लागतात असं सगळीकडे सांगतात, पण कपडे बघणाऱ्या माणसाने निदान पाच तास हातात ठेवावेत.

जायला लंडन यूस्टनहून वॉटफर्ड जंक्शनची ट्रेन. फास्ट ट्रेन पकडली तर वीसेक मिनिटांत पोचवते, स्लो ट्रेन बरीच रखडते तेव्हा बोर्ड बघून चढा. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड आणि ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) दोन्ही तिथपर्यंत चालतात. ट्रेनच्या भाड्यात सवलत देणारं सोळा ते पंचवीसवालं रेलकार्ड काढलं नसेल तर आजच काढा, आणि पंचवीसच्या वर असाल पण फुल टाइम शिकत असाल तरी ते मिळतं हे आपल्या मुलामुलींना बऱ्याचदा माहीत नसतं. ते ऑयस्टरला जोडून घेतलं की ऑफ पीकला, म्हणजे गर्दीची वेळ सोडून, सवलत लागते. स्टेशनबाहेरून स्टुडिओची बस सुटते, पंधरा मिनिटांचा रस्ता. स्लॉटच्या पाऊण तास आधी वॉटफर्डला उतरलेलं बरं.

आत गेल्यावर छोटी फिल्म दाखवतात आणि मग ग्रेट हॉलचं दार उघडतं. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस असेल तर सांगा, दार उघडायला पुढे बोलवू शकतात. हा हॉल ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजच्या हॉलवरून घेतलाय, 120 फूट लांब, 40 फूट रुंद, आणि खालची फरशी खरी यॉर्क स्टोनची आहे. सेटला खरा दगड कशाला असं वाटेल, पण वर्षानुवर्षं शेकडो पोरं, कॅमेऱ्याच्या ट्रॉल्या, लाइटचे स्टँड त्याच्यावरून जाणार होते. सगळे आत शिरल्या शिरल्या मान वर करून बघतात, तुम्ही खाली बघा. आणि टेबलांवर ओरखडे दिसतील, ते नटांना मुद्दाम कोरायला सांगितले होते. या भागातून सगळ्यांना पुढे सरकवत नेतात आणि परत मागे येता येत नाही, म्हणून फोटो झाले की फोन खिशात टाका आणि दोन्ही बाजूंना उभे केलेले कपडे बघून घ्या.

कपड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण माझा जीव त्यातच अडकला होता. पहिल्या सिनेमाचे कपडे जुडियाना माकोव्स्की यांचे, दुसऱ्याचे लिंडी हेमिंग यांचे आणि तिसऱ्यापासून शेवटपर्यंत जानी तेमीम. तेमीम आल्यावर शाळेच्या झग्यांना मागे टोपी आली आणि तिच्या आत हाऊसच्या (शाळेतल्या मुलांच्या गटाच्या) रंगाचं अस्तर, मुलगा पाठमोरा असला तरी कुठल्या हाऊसचा ते कळतं. अम्ब्रिजबाई म्हणजे शाळेचा ताबा घेणारी खाष्ट शिक्षिका, त्यांचे सूट तर ओळीने बघा. सुरुवातीला फिकट गुलाबी, आणि बाईंच्या हातात सत्ता येत जाते तसतसा रंग गडद होत होत थेट राणी कलरला पोचतो. सिनेमा बघताना आपल्याला नुसती चीड येत असते, ती रंगाने आणलेली असते हे समोर कापड बघितल्यावर कळतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो मळवलेल्या, फाडलेल्या कपड्यांसमोर. सिनेमात एकच जाकीट दिसतं पण प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच प्रती शिवलेल्या असतात, एक कोरी, एक थोडी मळलेली, एक मारामारीनंतरची, एक स्टंटवाल्याच्या मापाची, कारण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही, आज शेवट आणि उद्या सुरुवात. कोऱ्या कापडाला जुनं करायला सँडपेपर, किसणी, तारेचा ब्रश, रंग, मेण असं काहीबाही वापरतात. मी एका बाहीच्या कडेशी वाकून बघत होते, बाहेरचं कापड घासून पातळ केलंय, आतलं अस्तर मुद्दाम एक बोटभर खाली उतरवलंय, आणि मातीचा रंग कोपराच्या घडीत जास्त, वर कमी, जिथे खरोखर मळ साचतो तिथेच. हे करणारा माणूस किती बारीक नजरेचा असेल! भानू अथैया आपल्या कोल्हापूरच्या, 1983 मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर, आणि त्या सिनेमातली खादी अंगावर रोज वापरलेली वाटते याचं कारण हेच काम. आपल्याकडे कपडेपट सांभाळणाऱ्यांचं नाव कुणी विचारत नाही, इथे त्यांची कामं काचेत ठेवलीत, याचा मला फार आनंद झाला.

सेटमध्ये हेडमास्तर डंबलडोरच्या ऑफिसातली पुस्तकं म्हणजे टेलिफोन डिरेक्टऱ्यांना चढवलेली जुनी कव्हरं आहेत. हॅग्रिड या धिप्पाड पात्रासाठी दोन मापांच्या झोपड्या बांधल्या होत्या, लहान झोपडीत तो मोठा दिसावा म्हणून, आणि उंच दिसायचं असेल तेव्हा रग्बी खेळाडू मार्टिन बेफील्ड त्या कपड्यांत शिरायचा. ऑलिव्हँडरच्या दुकानात जादूच्या छड्यांच्या 17,000 च्या वर पेट्या होत्या, प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी. ट्रेनचं इंजिन खरंखुरं आहे, 1937 चं 'ऑल्टन हॉल', पण तिथे फोटोची रांग लांब असते, डब्यांतून चालत जा आणि पुढे व्हा. झाडूवर बसून फोटो काढायचा तो प्रकार पैसे देऊन असतो, मी तो सोडला.

मधे बॅकलॉट कॅफे लागतो. जेवण महाग आहे, आपला डबा न्या, माझी रूममेट आणि मी पराठे नेले होते. बटरबिअर फार गोड आहे, दोघींत एक पुरे. प्रिव्हेट ड्राइव्हचं (हॅरीच्या मावशीचं) घर आणि सिनेमातली जादूची नाइट बस उघड्यावर आहेत, म्हणून जॅकेट हाताशी ठेवा, मोठी बॅग क्लोकरूममध्ये टाका.

शेवटच्या मॉडेलसाठी पाय आणि वेळ दोन्ही शिल्लक ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगतेय. हॉगवॉर्ट्स या जादूच्या शाळेचा किल्ला 1:24 मापात, 86 कलाकार-कारागिरांनी पहिल्या सिनेमासाठी घडवलेला, आत अडीच हजारांच्या आसपास फायबर ऑप्टिकचे दिवे. दिवसाची रात्र होते तसा उजेड बदलतो, तो पूर्ण फेरा होईपर्यंत थांबा. लोक पाच मिनिटांत दुकानाकडे वळतात. दुकानातला झगा घेण्याआधी शिवण उलटून बघा आणि मग किंमत बघा, मी पोस्टकार्डांवर थांबले.

एवढा खर्च जमत नसेल किंवा कपडे अजून जवळून बघायचे असतील तर व्हीअँडए ईस्ट स्टोअरहाऊसला, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या लोकांना खुल्या असलेल्या गोदामात जा. पूर्व लंडनच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये आहे, हॅकनी विक स्टेशनवरून चालत, 31 मे 2025 ला उघडलं आणि फुकट आहे. म्युझियमच्या ब्लाइथ हाऊस या जुन्या गोदामात ठेवलेला संग्रह इथे हलवलाय, त्यात नाटकाचे कपडेही आले. पिकासोच्या चित्रावरून रंगवलेला 1924 च्या बॅलेचा प्रचंड पडदा आहे, तो बघताना आपल्या नाटकमंडळ्यांचे रंगवलेले पडदे आठवतात. सगळ्यात भारी म्हणजे संग्रहातल्या पाचपर्यंत वस्तू तुम्ही ऑनलाइन मागवू शकता, निदान दोन आठवडे आधी, आणि ठरलेल्या वेळी त्या टेबलावर तुमच्या समोर येतात. प्रोजेक्ट असो नसो, कुणीही मागवू शकतं. यादी करताना एकाच काळातले दोन कपडे आणि एक वेगळ्या काळातला असं मागवा, काज, अस्तर, हेम शेजारी शेजारी ताडून बघता येतं. वहीत पेन्सिलनेच लिहा, पेन बॅगेत राहू दे.